शंभर रात्रींची किंमत

लोवोच्या, म्हणजे जमिनीतल्या भट्टीच्या, खड्ड्यावर शेवटची माती पडली आणि लितियाच्या मनात आलं, आतल्या डुकराच्या आणि अळकुड्यांच्या जोडीला मलाही पुरलं असतं तर बरं झालं असतं. निदान तीन तास कुणी हाक तरी मारली नसती.

पण हाका कसल्या थांबतात! हॉलच्या दारातून नणंद ओरडतच होती. विलिमाइनाचा आवाज म्हणजे परेड मैदानावरचा. पलटणीत होता तिचा नवरा, पण हुकूम सोडायची हौस सगळी हिच्या वाट्याला आलेली.

"अगं वहिनी! आज तुझा दिवस आणि तू त्या धुरात काय उभी राहिलीस? फोटो तुझा काढायचाय, डुकराचा नाही!"

बाकीच्या बायका खो खो हसल्या. लितियाही हसली. गुरुवारपासून ती हसतच होती, हसून हसून जबडा दुखायला लागला होता.

गुरुवारी पत्र आलं होतं. ब्रिटिश नागरिकत्वाचा अर्ज नामंजूर, आणि भरलेली फी परत मिळणार नाही. सोळाशेच्या वर पौंड गेले, शिवाय परीक्षेचे वेगळे. त्या परीक्षेसाठी बिचारीनं वृद्धाश्रमातल्या रात्रपाळीत बसून आठव्या हेन्रीच्या सहा बायका पाठ केल्या होत्या, कुणाचं डोकं उडालं आणि कुणाचं धडावर राहिलं, सगळं. पैसे तिचे स्वतःचे असते तर चार दिवस रडून ती गप्प झाली असती. पण पैसे तिचे नव्हते, सोलीचे होते.

सोली म्हणजे सगळ्यांनी मिळून एकाचं ओझं उचलायचं, आणि तेही चारचौघांत. जानेवारीच्या पहिल्या रविवारी प्रार्थना झाल्यावर याच हॉलात चटया अंथरल्या होत्या. विलिमाइना टेबलाशी उभी राहून एकेकाचं नाव आणि रक्कम खड्या आवाजात पुकारत होती, आणि दर नावाला सगळे टाळ्या वाजवत होते. इंग्लंडातल्या कॅटरिकच्या छावणीतलं एकही फिजीचं घर सुटलं नाही. मेरेलिताचा नवरा तेव्हा इस्पितळात शेवटच्या घटका मोजत होता. तिनंसुद्धा चाळीस पौंड दिले.

"लितियाची पाळी नेहमी मागं राहिली," असं जो तो म्हणत होता, आणि खोटं नव्हतं ते. आधी नवऱ्याचं झालं, मग थोरल्या मुलाचं, मग मुलीचं, केलेराचं. दर खेपेला फी वाढलेली असायची आणि दर खेपेला लितिया म्हणायची, माझं काय, पुढच्या वर्षी बघू. असं करता करता घरचे सगळे ब्रिटिश झाले आणि विमानतळावर आई एकटी दुसऱ्या रांगेत उभी राहायला लागली.

आणि नामंजूर कशामुळे? तर आईच्या मरणामुळे. मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये फिजीत बेटावर म्हातारी गेली. भाऊ आणि बहीण दोघंही विमानानं धावले. भाऊ आपेनिसा सार्जंट, त्याची रजा दहा दिवसांत संपली. निघताना त्यानं मावशीच्या तोंडून निरोप धाडला, की मी सरकारचा बांधलेला, मला जावं लागतंय, पण थोरल्या लेकीनं शंभराव्या रात्रीचं जेवण घालूनच उठायचं. लितिया उठली नाही. काळे कपडे घालून बसली, शंभर रात्री पुऱ्या केल्या, गावाला जेवण घातलं आणि मग परतली. अर्जाच्या आधीच्या वर्षात माणूस नव्वद दिवसांहून जास्त देशाबाहेर राहिलेला चालत नाही, हे तिच्या गावीही नव्हतं. ती एकशेसात दिवस बाहेर होती. उन्हाळा सरेपर्यंत थांबले असते तरी निभावलं असतं. पण एप्रिलात फी वाढणार म्हणून नवऱ्यानं, साकिउसानं, मार्चमध्येच घाईघाईनं अर्ज भरला, आणि दिवसांचा आकडा इमानेइतबारे खरा लिहिला. वाढीव फी वाचवायला गेले आणि सगळंच घालवून बसले. तेलही गेलं, तूपही गेलं.

बरं, मग आजची ही मेजवानी कसली? त्यालाही साकिउसाच कारण. गुरुवारी संध्याकाळी बहिणीचा फोन आला. "पत्र आलं का?" तिनं विचारलं. "आलं," तो म्हणाला. पुढचं बोलायला त्यानं श्वास घेतला, तेवढ्यात विलिमाइना देवाचे आभार मानून मोकळी झाली आणि फोन बंद. त्यानं परत लावायला हवा होता. रात्रभर फोनकडे बघत बसला, पण लावला नाही. शुक्रवारी डुक्कर विकत आलं.

"बाबा, आता तरी सांगा," केलेरा म्हणाली. सतरा वर्षांची मुलगी, नाकावर राग. हॉलच्या मागच्या भांडारात तिघं उभे होते, तांदळाच्या पोत्यांच्या आडोशाला. "लोक येतायत. आत्यानं भिंतीवर तुझ्या फोटोची जागासुद्धा मोकळी ठेवलीय, आई."

"हळू बोल," साकिउसा म्हणाला. "जेवणं होऊ देत. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी कर्ज काढतो, पुढच्या महिन्यात दुसरा अर्ज टाकू. आता वर्ष उलटलं, ते दिवस मागं पडले, या वेळी होईलच. कुणाला पत्ता लागणार आहे?"

"आणि आज काय दाखवायचं? पत्र कुठाय म्हणून विचारलं तर?"

"पोस्टातून यायचंय म्हणू."

"तुम्हीच सांगितलंत की आलं म्हणून!"

"ए, बापाला उलटसुलट विचारू नकोस!"

"काय आलं आणि काय नाही आलं?" दारात विलिमाइना उभी होती. हातात कागदी झेंड्यांची माळ, तोंडात टाचण्या.

लितियानं ॲप्रनच्या खिशातून पत्राची घडी काढली आणि नणंदेच्या हातात दिली. तिला वाटलं, आता ही हॉल डोक्यावर घेणार, आणि एका अर्थी तिला तेच हवं होतं. परस्पर फुटलं तर आपल्याला सांगायला नको.

विलिमाइनानं पत्र वाचलं. तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या. मग तिनं पाठीमागं दार लावून घेतलं, आणि ती बोलली. इतका बारीक तिचा आवाज लितियानं वीस वर्षांत ऐकला नव्हता.

"कुणाला बोललात?"

"कुणालाच नाही."

"मग बोलायचंही नाही. सोली कुणी मागितली? मी मागितली. दारोदार कोण फिरलं? मी फिरले. गुडघे दुखत असताना फिरले. उद्या लोक म्हणतील, विलिमाइनानं आपल्या भावाच्या घरासाठी पैसे गोळा केले आणि ते मातीत गेले. लाज तुझ्या एकटीची नाही वहिनी, आमच्या घराण्याची आहे." तिनं भावाकडे बघितलं. "कर्ज काढ. मी निम्मे देते. आज जेवा, हसा, फोटो काढा."

रोज भावाला धारेवर धरणारी बहीण आज त्याच्या बाजूनं उभी राहिली. साकिउसाचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"चालेल ना, लितिया?"

लितियानं मान डोलावली. केलेरा पाय आपटत बाहेर गेली.

अर्ध्या तासानं लितिया ओट्याशी नारळ खवत होती. अळूची पानं धुऊन ठेवलेली, त्यात नारळाचं दूध आणि डब्यातलं मांस भरून मोटल्या बांधायच्या होत्या. केलेरा गप्प बसून पानं पुसत होती. तेवढ्यात मेरेलिता आली, कडेवर धाकटी, अंगात अजून काळाच झगा. तिनं मुलीला खाली ठेवलं आणि लितियाला असं घट्ट धरलं की खवणी सरकली.

"अगं, मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! तुला मिळालं म्हणजे मलाही मिळणार." तिनं पिशवीतून एक पाकीट काढलं. "बघ. पुरते जमले. यांच्या पेन्शनमधून थोडे, आणि मी शनिवार-रविवार धुणी केली त्याचे. सोमवारी केलेराला घेऊन बसते आणि अर्ज भरून टाकते. तुझ्यासारखाच भरायचा, अक्षर न् अक्षर."

लितियाचा हात थांबला.

"मला एकच धाकधूक होती बाई," मेरेलिता सांगत होती. "यांना पुरायला घेऊन मी बेटावर गेले, ती शंभरावी रात्र करूनच आले ना. मे उजाडला यायला. कुणीतरी म्हणालं, इतके दिवस बाहेर राहिलेलं चालत नाही. मी म्हटलं, का नाही चालत? लितियाही शंभर रात्री बसली होती आईसाठी. तिला कुठं काय म्हणाले? हो ना गं? जमेल ना माझं?"

बाहेर विलिमाइना कुणाला तरी झेंडा वर बांधायला सांगत होती. केलेरा पान पुसायची थांबली होती आणि आईकडे टक लावून बघत होती. लितियानं तोंड उघडलं. शब्द अगदी ओठांवर होते. नको भरूस, सगळे जातील, माझे गेलेत. एवढंच तर म्हणायचं होतं.

"जमेल," ती म्हणाली. "बघू... जेवण झाल्यावर बोलू आपण."

मेरेलितानं तिच्या गालाची पापी घेतली आणि मुलीला उचलून ती चटया अंथरायला गेली.

"आई," केलेरा म्हणाली. एवढंच म्हणाली.

लितियाला मुलीकडे बघवेना. आत्तापर्यंतची लाज काय लाज होती? पैसे गेले, नशीब म्हणता आलं असतं. ही लाज मात्र तिनं आपल्या हातानं, आपल्या जिभेनं कमावली होती. तीन पोरांची विधवा आई, तिची लोकांची धुणी धुऊन साठवलेली पुंजी, आणि आपण म्हणालो जमेल. ती ओट्याला धरून उभी राहिली.

त्याच वेळी मागच्या दारानं आपेनिसा आत आला, खांद्यावर केळीच्या पानांचा भारा. बहीण दिसताच तो अदबीनं दोन पावलं मागं सरला आणि त्यानं नजर जमिनीवर ठेवली. त्यांच्या गावची रीतच तशी. भाऊबहीण वयात आले की एकमेकांशी समोरासमोर बोलत नाहीत. मान राखतात, निरोप धाडतात. तीस वर्षांत दोघांनी एकमेकांना सरळ हाक मारलेली नव्हती.

"केलेरा," तो भिंतीला म्हणाला, "आईला सांग, पानं आणली. आणि सांग, की तिचा भाऊ आज फार खूश आहे."

"मोमो," केलेरा मामाला म्हणाली, "आईला नाही मिळालं."

"केलेरा!" लितिया किंचाळली.

"अर्ज फेटाळला. शंभर रात्री बसली म्हणून. पैसे बुडाले. आणि मेरेलिता काकी सोमवारी तेच करणार आहेत, अगदी तसंच, आणि आईनं त्यांना सांगितलं की जमेल."

आपेनिसानं भारा खाली ठेवला. मोठा माणूस, दोन युद्धांतून आलेला, पण तोंड एकदम लहान झालं.

"बसायला मीच सांगितलं होतं," तो म्हणाला. "मी स्वतः दहा दिवसांत उठलो आणि तिला बसवलं."

"केलेरा, मामाला सांग," लितिया रडत म्हणाली, "त्याची काही चूक नाही. आई माझीही होती. मला कुणी सांगितलं नसतं तरी मी बसले असते."

"आईला सांग, चूक कुणाची ते मला कळतं."

"मी कुणालाच काही सांगणार नाही!" केलेराला आता हुंदका आवरेना. "मी तुझी भाची आहे, मोमो. भाचीनं मागितलं तर मामानं नाही म्हणायचं नसतं. आहे ना रीत? आजवर मी तुझ्याकडं काही मागितलं नाही. सायकलसुद्धा नाही. आज मागते. आजीच्या घरचा तम्बुआ तुझ्याकडं आहे. तो आण, आणि सगळ्यांसमोर आईच्या वतीनं माफी माग. बाबा मागणार नाहीत. आईला एकटीला उभं राहवणार नाही."

तम्बुआ म्हणजे देवमाशाचा दात, तेल लावून लावून पिवळा पडलेला, दोरीत ओवलेला. लग्न जोडायचं, मयताला निरोप द्यायचा, मोडलेलं मन सांधायचं, सगळं त्याच्यानं. एकदा तो पुढं ठेवला की मागं घेता येत नाही. आपेनिसाच्या घरात तो बापाच्या फोटोखाली ठेवलेला असायचा, आणि तो गेला की त्याच्या घरात दुसरा नव्हता.

आपेनिसानं भाचीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो मागच्या दारानं निघून गेला.

दोनाच्या सुमाराला हॉल भरला. पुरुष यंगोनाच्या, त्या मुळांच्या पेयाच्या, लाकडी पातेल्याभोवती मांडी घालून बसले होते, बायका मागं, पोरं सगळीकडं. पाद्रीबाबांची प्रार्थना झाली. विलिमाइना हातात ताज्या फुलांचा हार घेऊन उठली आणि म्हणाली, "आता आपल्या वहिनीला..."

"थांबा ताई," आपेनिसा म्हणाला.

तो दारातून आत आला तो गुडघ्यांवर वाकतच. सगळ्यांच्या खालच्या बाजूला, जिथं चपला काढल्या होत्या तिथं, मांडी घालून बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तम्बुआ समोर धरला. मेजवानीत तो खाली कशाला बसेल? पोरांनाही कळलं की काहीतरी बिघडलंय.

लितिया उठली आणि त्याच्या मागं जाऊन बसली. तिनं मान इतकी खाली घातली की तिला फक्त चटईची वीण दिसत होती.

"मी माझ्या बहिणीच्या जागी बोलतो," आपेनिसा म्हणाला. "तुम्ही घाम गाळून दिलेले पैसे बुडाले. अर्ज फेटाळला गेला. आमच्या आईच्या शंभर रात्री ती बेटावर बसली, म्हणून. मी तिला बसवलं आणि मी परत आलो. आम्हाला गुरुवारी सांगायला हवं होतं, ते आम्ही सांगितलं नाही. तुम्ही डुक्कर आणलंत, पोरांना नवे कपडे घातलेत, आणि आमची जीभ उचलली नाही. आणि मेरेलिताबाई, तुम्ही अर्ज करू नका. तुमचेही दिवस भरतात जास्त. पुढच्या वसंतापर्यंत थांबा. आम्हाला क्षमा करा."

मग चटईवर कुणीतरी घसटत आलं. लितियानं डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं, तर साकिउसा. तो येऊन मेव्हण्याच्या शेजारी बसला. एरवी या दोघांची तोंडं टिंगलटवाळीशिवाय उघडत नसत. आज साकिउसानं फक्त तम्बुआखाली आपलाही हात लावला. त्याच्या मानेवर घाम होता.

सगळ्यांत वडीलधारा जोवेसा, निवृत्त सुभेदार, सावकाश उठला आणि त्यानं तम्बुआ दोन्ही हातांत घेतला.

"घेतला," म्हातारा म्हणाला. "राग गेला. आईसाठी शंभर रात्री बसली, तिला आम्ही काय बोलणार? न बसती तर बोललो असतो. पण पोरांनो, गुरुवारी सांगायचं होतंत रे. डुक्कर पळून चाललं नव्हतं."

कुणीतरी हसलं. मग सगळ्यांनी ओंजळीनं खोल टाळ्या वाजवल्या, आणि झालं. फिजीच्या माणसाचा राग असा दहा मिनिटांत मिटतो. पुढं काय होणार ते लितियाला ठाऊक होतं आणि तिला त्याचीच जास्त भीती वाटत होती.

"विलिमाइना," जोवेसा म्हणाला, "टेबल मांड."

"काका, नको," लितिया पहिल्यांदा बोलली. "हात जोडते. परत नको."

"तू गप. तम्बुआ आम्ही घेतला, आता आमची पाळी. नाही म्हणून आमचा अपमान करू नकोस."

विलिमाइना हार हातात तसाच धरून उभी होती. तिचे डोळे सुजले होते. तिनं हार खुर्चीवर ठेवला, टेबल ओढलं, मागच्या वेळचाच बिस्किटांचा डबा उघडला. पुरुष उठून खिसे चाचपायला लागले. नावं पुकारली जाऊ लागली. जोवेसा, पन्नास. पाद्रीबाबा, तीस. दर नावाला टाळ्या. दर टाळीला लितिया चटईत आणखी थोडी रुतत होती.

तेवढ्यात मेरेलिता तिच्या शेजारी येऊन टेकली. मुलगी मांडीवर, हातात तेच पाकीट. ती अगदी हळू बोलली, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं.

"मघाशी मी विचारलं होतं ना गं तुला?"

भावानं सगळ्यांसमोर सगळं कबूल केलं होतं, तेवढं एक सोडून. ते तिनं स्वतः कबूल करायला हवं होतं. "हो," ती कशीबशी म्हणाली. "विचारलं होतंस. आणि मी खोटं बोलले."

मेरेलितानं तिच्याकडे बघितलं. रागानं नाही, नुसतं बघितलं. मग तिनं मुलीला लितियाच्या मांडीवर ठेवलं, पाकीट उघडलं आणि दोन नोटा काढून ती टेबलाकडे गेली.

"ठेव परत," विलिमाइना पुटपुटली. "तुला लागतील बाई."

"सोमवारी सगळेच गेले असते," मेरेलिता म्हणाली. "पुकार."

विलिमाइनानं डोळे पुसले. "मेरेलिता," तिनं पुकारलं, "चाळीस."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्याच्यासाठी सोली असते त्यानंही वाजवायच्या असतात. लितियानं मेरेलिताच्या मुलीला छातीशी धरलं आणि वर न बघता, तिच्या पाठीमागून हात जुळवून, तिनंही वाजवल्या.